तीन दिवस आधीचा मुक्काम

सरकारी नोंदींप्रमाणे मी चेन्नईत पंधरा जुलैपासून राहत होते आणि भारतात अठरा जुलैला आले होते. दोन्ही तारखा माझ्याच कागदांवर होत्या.

मी मूळची साताऱ्याची. एकोणीस वर्षं कोपनहेगनमध्ये काढली, त्यातली शेवटची आठ डॅनिश नागरिक म्हणून. समुद्राच्या हवेत लोखंड कसं गंजतं, हा माझा विषय. चेन्नईतल्या एका संशोधन संस्थेने बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता घरी जायचं. व्हिसाच्या फॉर्मने ते वाटणं दुरुस्त केलं. मी परदेशी नागरिक होते. आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करून निवासाचा परवाना घ्यायचा होता आणि तो दाखवल्याशिवाय संस्था मला रुजू करून घेणार नव्हती. रुजू होण्याची तारीख एकदा पुढे ढकलून झाली होती. आता तीन ऑगस्ट ही शेवटची. त्यानंतर ते पद यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल, असं पत्रात फार नम्रपणे लिहिलं होतं. कोपनहेगनचं घर मी सोडून आले होते.

इथलं घर तिरुवल्लिकेणीतल्या एका गल्लीत मिळालं, हेमावतीबाईंचा वरचा मजला. हेमावतीबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका, तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. खाली त्या, त्यांचे शहाऐंशी वर्षांचे वडील अप्पाजी आणि मुलगी वाणी. वाणी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात नोकरीला, पहाटे कंपनीच्या बसने जायची. घरात ते जी मराठी बोलत ती पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर ऐकली तेव्हा, कुणीतरी फार जुनं पत्र मोठ्याने वाचतंय आणि मधेमधे तमिळमध्ये शेजाऱ्याशी बोलतंय, असं वाटलं. वाणी आईशी मराठीत सुरुवात करायची आणि वाक्य संपेपर्यंत तमिळमध्ये पोचायची.

हेमावतीबाईंची एकच अट होती. तमिळ पंचांगातला आडी महिना सतरा जुलैला लागत होता. आडीत कुणी नव्या घरात जात नाही, नवा करार करत नाही. माझं विमान अठराला पोचणार होतं. यावर चेन्नईत तयार उपाय आहे. आडी लागायच्या आधी चांगला दिवस बघून नव्या घरात दूध उकळायचं आणि उतू जाऊ द्यायचं. मग घर लागलं. माणूस आणि सामान मागाहून आलं तरी चालतं.

त्याप्रमाणे पंधरा जुलैला वाणीने माझ्या वतीने वरच्या मजल्यावर शेगडी पेटवली. मी फोनवर पाहत होते. दूध पूर्वेच्या बाजूने उतू गेलं, हे फार चांगलं, असं अप्पाजींनी सांगितलं. लगेच कराराचा कागद आला. त्यात लिहिलं होतं की भाडेकरू आजपासून सदर जागेत राहत आहे. ते ‘राहत आहे’ मी वाचलं. तिसऱ्या दशांश स्थळावरून मी विद्यार्थ्यांचे कागद परत पाठवते. पण दूध नुकतंच उतू गेलं होतं, सगळे हसत होते, आणि मी सही केली.

परदेशी माणूस घरात उतरला की घरमालकाने चोवीस तासांत एक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. मी आल्यावर तो वाणीने भरला. मुक्काम कधीपासून, या रकान्यापाशी तिने आईला विचारलं. आईने पंधरा सांगितलं. वाणीने पंधरा लिहिलं आणि ती कारखान्याची बस पकडायला गेली.

पहिल्या आठवड्यात मी कोण, हे कुणालाच ठरवता येईना. सिमकार्डाच्या दुकानात आधार मागितलं. मी पासपोर्ट दिला. दुकानदाराने पासपोर्ट पाहिला, मला पाहिलं आणि आतून भावाला बोलावून त्यालाही दोन्ही दाखवलं. एका प्रदर्शनाच्या खिडकीवर परदेशी नागरिकांचं तिकीट वेगळं होतं, म्हणून मी ते मागितलं. खिडकीतल्या बाईंनी मोडक्या हिंदीत, चेष्टा करू नका, मागे रांग आहे, असं सांगून साधं तिकीट हातात ठेवलं. रिक्षावाल्यांच्या लेखी मी हिंदीवाली होते. पाण्याचे कॅन आणणाऱ्या माणसाशी मी बोटांनी बोलत असे. दोन बोटं म्हणजे दोन कॅन, पण तेवढ्यावर तो पाच मिनिटं काहीतरी सांगत राही आणि मी मान हलवत राही. एकदा त्यातून तीन कॅन आले. अप्पाजींनी मात्र पहिल्याच दिवशी माझा निकाल लावला होता. चष्मा वर करून ते म्हणाले, “साडेतीनशे वर्षांनी गावाकडचं कुणी भेटायला आलं अहे. बसा.”

अठ्ठावीस जुलैला, मंगळवारी, नोंदणीच्या ऑफिसातून बोलावणं आलं. श्रीरंजनी नावाच्या अधिकारी होत्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, केसांत मोगरा, टेबल अगदी स्वच्छ. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. एका चौकोनात पंधरा, दुसऱ्यात अठरा, आणि मध्ये लाल त्रिकोण.

“मॅडम, विमानतळावर उतरायच्या आधी तीन दिवस तुम्ही तिरुवल्लिकेणीत राहत होता,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “कशा आलात? पोहत?”

मी सगळं क्रमाने सांगायला सुरुवात केली. करारापर्यंत पोचायच्या आतच त्यांनी हात वर केला.

“दूध उकळलं होतं ना?”

मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली. त्यांच्या नणंदेचंही मागच्या वर्षी असंच झालं होतं. फक्त नणंदेला कुणी तारीख विचारली नव्हती. मला कळतं, त्या म्हणाल्या, पण ही फाइल माझ्यापाशी थांबत नाही. पुढे जो बघेल त्याला आडी ठाऊक असेलच असं नाही. त्याला एक परदेशी बाई तीन दिवस विनानोंद देशात दिसेल. उपाय सोपा होता. घरमालकाने फॉर्म दुरुस्त करायचा, आणि मुक्काम खरोखर अठरापासून सुरू झाला असं सही करून पत्र द्यायचं. एक ऑगस्टला चौदा दिवस संपत होते, तो शनिवार. म्हणजे शुक्रवारी ऑफिस बंद व्हायच्या आत.

मी निश्चिंत मनाने घरी आले. एक पत्र, एक सही.

हेमावतीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, भाजीची सुरी खाली ठेवली आणि नाही म्हणाल्या.

“घर तुम्हाला आडीच्या आधीच देऊन झालं अहे, जयंतीबाई. तुम्ही यायचं राहिलं होतं, तेवढंच. आता मी सही करून लिहू, की ही बाई आडीत राहायला आली? मग दूध कशाला उकळलं?”

मी म्हटलं, की मी अठराला आले हे तर खरंच आहे. खरं अहे, त्या म्हणाल्या, पण लिहिलेलं नाही. पाच वर्षांपूर्वी एक जोडपं आडीत राहायला आलं होतं. घाई होती म्हणून त्यांनी नियम सोडला. चौथ्या महिन्यात ते दोघं वेगळे झाले, घर अकरा महिने रिकामं पडलं आणि वरच्या खोलीत फिरायला हेमावतीबाईंना भीती वाटायला लागली. एकाच उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे गणिताच्या शिक्षिकेला सांगायची गरज नव्हती. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. अप्पाजींनी पंचांग काढलं. अठरावी आडी, म्हणजे आडीचा अठरावा दिवस, कावेरीचा सण, तो दिवस चांगला, त्या दिवशी काहीही करता येतं. तो तीन ऑगस्टला होता. दोन दिवस उशिरा.

बुधवारी वाणीने जाता जाता जिन्यात मला हळूच सांगितलं, की ती फॉर्म गुपचूप दुरुस्त करू शकते, पासवर्ड तिच्याकडेच आहे. मी नको म्हटलं. पत्राला हेमावतीबाईंची सही लागणारच होती, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांच्या घराबद्दल काही लिहिणं मला जमलं नसतं. संध्याकाळी खालून रस्सम आलं, नेहमीसारखंच, पण वाटी पायरीवर ठेवून बेल वाजवून त्या निघून गेल्या होत्या.

मी बसून विचार केला. दुसरा मार्ग एकच होता. एग्मोर स्टेशनजवळ एक हॉटेल होतं, परदेशी पाहुण्यांचे फॉर्म ते रोज भरत. तिथे जाऊन राहायचं, नवा पत्ता द्यायचा, जुना अर्ज मागे घेऊन नवा करायचा. श्रीरंजनींना फोन करून विचारलं, चालेल, म्हणाल्या. मी खोली राखून ठेवली आणि बॅग कपाटावरून खाली काढली. बॅग भरायला मला फारसं आवडलं नाही, हे नोंदवून ठेवते. बारा दिवसांत मला त्या गल्लीतल्या फुलवालीच्या आरोळीवरून वेळ कळायला लागली होती.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी खाली गेले. सांगितलं, की तुम्हाला अडचणीत टाकायचं नाही, तुमचं म्हणणं मला समजतं, मी आज दुपारी एग्मोरला जाते. यात कुठलाही डाव नव्हता. डाव टाकायला मला आधी हे ठाऊक असायला हवं होतं, की आडीत घरात येण्यापेक्षा आडीत घरातून जाणं कितीतरी वाईट.

हेमावतीबाई उठून उभ्या राहिल्या. “आडीत जाणार? बारा दिवसांत?”

त्या अप्पाजींकडे वळल्या. अप्पाजींनी भिंग आणि पेपर बाजूला ठेवला. रजिस्ट्रेशन खात्यात त्यांनी चौतीस वर्षं लोकांचे दस्त लिहून घेतले होते. कुणीतरी आपल्याला विचारेल, याची ते मंगळवारपासून वाट बघत असावेत.

“आडीत नवं सुरू करायचं नाही,” ते म्हणाले. “चूक दुरुस्त करायला कोण नक्को म्हणतं? अमच्या खात्यात आडीत नवे दस्त यायचे नाहीत. टेबल रिकामी. महिनाभर अम्ही काय करायचो? जुन्या दस्तांतल्या चुका दुरुस्त करायचो. सगळी दुरुस्ती आडीतच व्हायची.”

“हे परवा का नाही सांगितलंत?”

“परवा तू मला विचारलं नाहीस. तू जयंतीबाईंना सांगत होतीस.”

हेमावतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. गुरुवारचा राहुकाळ दीडला लागत होता, भरपूर वेळ होता. शाळेच्या वहीतला कोरा कागद त्यांनी घेतला आणि फळ्यावर लिहावं तशा सरळ ओळींत, इंग्रजीत, पत्र लिहिलं. अप्पाजी मजकूर सांगत होते. त्यातलं निम्मं त्या घेत होत्या, निम्मं वगळत होत्या. ‘मुक्काम अठरा जुलैपासून सुरू झाला’ हे वाक्य झाल्यावर त्या थांबल्या आणि पुढे स्वतःच्या मनाने एक वाक्य घातलं. पंधरा जुलैला सकाळी घरात विधिपूर्वक दूध उकळण्यात आलं होतं आणि त्यामुळे माझ्याकडून तारखेची चूक झाली. मग सही केली. वाणीला फोन करून पासवर्ड विचारला आणि फॉर्मही स्वतः दुरुस्त केला, दोनदा तपासून.

शुक्रवारी त्या माझ्याबरोबर ऑफिसात आल्या. मी एकटी जाऊ शकते, असं सांगून पाहिलं. पत्र माझं अहे, म्हणाल्या. श्रीरंजनींनी ते वाचलं, दुधाच्या ओळीवर पेनाचं टोक टेकवलं आणि तमिळमध्ये, आदराने, म्हणाल्या की एवढी ओळ नसती तरी चाललं असतं. हवं तर दुसरा कागद देते. हेमावतीबाईंनी नको म्हटलं. बाकीचं बरंच बोलणं झालं, त्यातलं मला ‘आडी’ आणि ‘तंजावूर’ एवढंच कळलं. मग श्रीरंजनी माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलल्या.

“त्या विचारतायत, की मी संगणकात काय लिहिणार. मी सांगितलं, तुम्ही अठरापासून राहता. घर पंधरापासून तुमचं आहे. पहिलं मी लिहिते. दुसऱ्याला इथे रकाना नाही, म्हणून त्यांचं पत्र तसंच जोडते.”

त्यांनी कागद स्कॅनरवर पालथा ठेवला. दहा मिनिटांत लाल त्रिकोण गेला. परवाना उद्या सकाळपर्यंत ईमेलने येईल, म्हणाल्या, आणि सोमवारी खुशाल रुजू व्हा.

आम्ही बसथांब्यापर्यंत चालत आलो. ऊन कडक होतं. हेमावतीबाईंनी छत्री उघडून माझ्यावरही धरली. मग रस्त्याकडे बघत त्यांनी विचारलं,

“तुम्ही खरंच गेला असता?”

“हो. खोली राखून ठेवली होती.”

“रद्द केली कां?”

केली नव्हती. गडबडीत राहून गेलं होतं. मी तिथेच फोन काढला आणि एग्मोरची खोली रद्द केली. खात्री आहे का, असं फोनने विचारलं, तेव्हा त्यांनी छत्री थोडी कलती केली, म्हणजे स्क्रीनवर सावली पडेल आणि त्यांनाही नीट दिसेल.