हात न लागलेल्या वस्तू

त्याने ‘नको असलेल्या’ हे शब्द खोडले आणि त्या जागी ‘वापरात नसलेल्या’ असे लिहिले.

घरांचे आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आता एक कृत्रिम मदतनीस काम करणार होता. कार्यालयात त्याला एजंट म्हणत. कोणते टूल काय करते, ते केव्हा वापरावे आणि केव्हा मुळीच वापरू नये, हे त्या एजंटला समजेल अशा शब्दांत लिहिणे हे त्याचे काम. आजचे टूल साफसफाईचे होते.

लिहिलेले तपासणाऱ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. सगळे त्यांच्या पाठीमागे त्यांना कात्री म्हणत.

“वापरात नसलेल्या म्हणजे काय रे? माझ्या घरी व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर टॉवेल वाळतात. ती वापरात आहे की नाही?”

तो नुसता हसला.

“हसू नकोस, लिही. तू सांगशील तेवढंच त्याला कळणार. तुझ्या मनातलं त्याला कुठून दिसणार?”

त्याने पुन्हा लिहिले : ‘आराखड्यातील ज्या वस्तूंना वर्षभरात कोणीही हात लावलेला नाही, त्या काढून टाकते.’

“आता कसं! घे चाचणी.” बाई आपल्या टेबलाकडे वळल्या.

चाचणीसाठी त्याने स्वतःच्या घराचा आराखडा उघडला. तो ताईने काढला होता; तिच्या कॉम्प्युटरवर आणि त्याच्या इथे तोच एक आराखडा उघडत असे. लोकांची घरे सजवून देता देता तिने एकदा आपलेही घर मापात बसवले होते, अगदी स्वतःच्या टेबलावरच्या वाकड्या मानेच्या दिव्यासकट. तिला जाऊन वर्ष केव्हाच उलटले होते. आता बाबांना तिची खोली दिवाणखान्यात मिळवून घ्यायची होती. “त्या चित्रातलं तिचं सामान तेवढं तू काढ,” ते म्हणाले होते, “माझा हात धजत नाही.” आई तेव्हा उठून आत गेली होती. हात तर त्याचाही धजत नव्हता. एखाद्या तिऱ्हाइताकडून होऊन जावे, एवढेच त्याला वाटत होते.

चाचणी नेहमी प्रतीवर घ्यायची, असा तिथला दंडक. त्याने प्रत काढली नाही. तिच्या दोन दोन खोल्या त्याला पाहवल्या नसत्या.

आज्ञा देऊन तो खिडकीबाहेर पाहत राहिला. वळला तेव्हा एजंटने कळवले होते : ‘हात न लागलेल्या सर्व वस्तू काढल्या आहेत.’

ताईची खोली जशीच्या तशी होती. नाही, जशीच्या तशी नव्हती. खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. दिवा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकला होता. रिकामी झाली होती ती त्याची खोली. पलंग नाही, कपाट नाही, पुस्तकांची फळी नाही. चार भिंती आणि एक उघडे दार.

त्याने दिव्यावर क्लिक केले. शेवटचा बदल आज सकाळचा होता. बदल करणाऱ्याच्या जागी ताईचे नाव होते.

त्याने घरी फोन लावला.

“आई, ताईचा कॉम्प्युटर कोणी उघडतं का गं?”

“कोण उघडणार? तुझ्या बाबांना ती खोलीच नकोशी झालीये. आणि मला मेलीला त्यातलं काय कळतंय?” तिने लगेच विचारले, “जेवलास का?”

“हो.”

“मग आवाज असा का येतोय?”

पडद्यावर, त्याच्या रिकाम्या खोलीच्या दारात, माउसचा एक बाण येऊन उभा राहिला होता. बाणाला ताईचे नाव चिकटलेले होते. तो आत आला, भिंतीच्या कडेकडेने फिरला, आणि पलंगाच्या जागी येऊन थबकला.

“अरे,” फोनमध्ये आई अगदी हळू म्हणाली, “तुझा पलंग कुठे गेला?”

“काय रे, झाली का साफसफाई?” आपल्या टेबलावरून बाईंनी विचारले.

“नाही,” तो म्हणाला. फोन त्याने कानापासून हलवला नाही.

बाण मागे फिरला. ताईच्या खोलीत जाऊन त्याने वाकड्या मानेचा दिवा उचलला, आणि नवशिक्या हाताने, दोनदा भिंतीला धडकवत, अडखळत, तो मोकळ्या खोलीच्या मधोमध आणून ठेवला.