फोडायचा राहिलेला ठोकळा

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका प्रयोगशाळेत, दाबयंत्राच्या दोन पोलादी पाट्यांमधून मी बोलतो आहे. मी काँक्रीटचा वीतभर ठोकळा. माझा जन्म फुटण्यासाठीच झाला.

पूल बळी मागतो, ही समजूत जगात बहुतेक ठिकाणी आढळते. कुठे पुलाच्या पायाखाली कोंबडा पुरतात, कुठे कथेतल्या सुनेला भिंतीत चिणतात. अभियंत्यांनी त्या जागी आम्हाला आणले. पुलासाठी कालवलेले थोडे काँक्रीट साच्यात ठासून ठोकळे पाडायचे, पाण्यात मुरवायचे आणि पुलाऐवजी ते चिरडून पाहायचे. माझी भावंडे काही आठवड्यांतच गेली. आम्हा काहींना मात्र मुद्दाम राखले होते. काँक्रीट म्हातारपणी किती बळकट होते, हा एकोणीसशे साठच्या दशकातल्या त्या संशोधनाचा प्रश्न होता, आणि आमची देखभाल पुण्याहून आलेल्या शशिकांत नावाच्या तरुण अभियंत्याकडे होती.

त्याच्या मुलाचे, अंशुमनचे, बारसे आले. बाळाआधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात. दगडाचे आयुष्य बाळाला लाभावे आणि अरिष्ट यायचेच तर आधी दगडावर यावे, असा त्यामागे दुहेरी हेतू असतो. त्या परक्या गावात वरवंटा कुठून आणणार? शशिकांतने एका दिवसासाठी मला घरी नेले. त्याच्या पत्नीने, लीलावतीने, मला कुंची घातली, पाळण्याखालून फिरवले आणि निजवले. पुलाऐवजी मरण्यासाठी घडलेला मी आता एका बाळाऐवजी जगणारही झालो.

दुसऱ्या दिवशी शशिकांत मला पिशवीत घालू लागला, तेव्हा ती दारात उभी राहिली.

"पाळण्यात निजलेला दगड म्हणजे बाळाचा भाऊ. त्याला फोडायला नेताय तुम्ही?"

"अगं, सरकारी नमुना आहे तो."

"मग सरकारला सांगा, बारसं झालंय त्याचं."

त्याने ते वरिष्ठांना जसेच्या तसे सांगितले. तो इंग्रज गृहस्थ पोट धरून हसला आणि म्हणाला, "राहू दे घरी. पन्नास वर्षांनी घेऊन ये."

मी बैठकीच्या दाराला टेकण म्हणून राहिलो. पुढे ती प्रयोगशाळा बंद पडली, राखलेले ठोकळे भंगारात गेले. लीलावती गेली. पन्नास वर्षेही उलटली. समजुतींवर हसणाऱ्या शशिकांतने मला तरीही हलवले नाही. मेलेल्या माणसाचा शब्द मोडणे जिवंत माणसाचा शब्द मोडण्याहून अवघड असते.

गेल्या वर्षी चैत्राली आली. जुन्या पुलांच्या काँक्रीटवर ती विद्यापीठात संशोधन करते. "काका, त्या पुलाचा तुमच्याकडे आहे तेवढाच नमुना उरलाय. हा मिळाला तर तुमच्या आकड्यांची सिरीज पूर्ण होईल." म्हाताऱ्याचे डोळे क्षणभर चमकले. त्याच आठवड्यात अंशुमनच्या यकृताचा रिपोर्ट आला होता.

हॉस्पिटलमधून घरी आणलेला अंशुमन सोफ्यावर पडून माझ्याकडे बघत असे.

"बाबा, देऊन टाका ना तिला. तुम्ही लाइफभर काँक्रीट टेस्ट केलं, आणि आता एका ठोकळ्याला घाबरता?"

"घाबरत नाही. तू बरा हो, मग बघू."

"आणि नाही झालो तर?"

शशिकांतने वाकून मला दाराशी नीट सरकवले. मी तसा हललोच नव्हतो.

चैत्रालीला त्याने तीनदा नाही म्हटले. हिवाळ्यात अंशुमन गेला. माझ्या अंगावर एक चीरही नव्हती. आता त्या घरात माझ्याकडे कोणी पाहत नसे.

तेराव्यानंतर त्याने स्वतःच फोन लावला.

"काका, घाई नाहीये. खरंच."

"राखायचं कशासाठी आता? घेऊन जा."

आज तो तिच्याबरोबर इथवर आला. तिने माझे वजन केले, कडा मोजल्या, मला मधोमध ठेवले.

"बटण तुम्ही दाबता, काका?"

"नको. आणि आकडा मला कळवू नकोस."

"पण संशोधन तुमचंच आहे ना?"

"होतं," तो म्हणाला, आणि कोट चढवून बाहेर गेला.

पाट्या आता अंगाला टेकल्या आहेत. आतल्या ओलाव्याने मी वर्षानुवर्षे घट्ट होत आलो, त्यामुळे लवकर हार मानणार नाही. चिवट ठोकळा फुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो. म्हातारा अजून कॉरिडॉरमध्येच उभा आहे, भिंतीला हात लावून. माझे एवढेच मागणे आहे: ते मधले दार कुणीतरी लावून घ्या.