दहावं बटण

मित्रांनो, कोपऱ्यात काच तडकलेला, बॅटरी दुपारपर्यंतही न टिकणारा असा एक जुना मोबाइल फोन आहे मी. मोशीतल्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीपाशी, चार्जरला बांधलेला असतो. मला ठाऊक पुष्कळ आहे. बोलता मात्र तेवढंच येतं, जेवढं मला कुणी बोलायला शिकवलं.

माझे मालक ज्योतीराम. घरात त्यांना अप्पा म्हणत. तरुणपणी ते परभणीकडून आले आणि चाकणच्या एका कंपनीत लेथ मशीन चालवू लागले. त्यांच्या शर्टाच्या खिशात मी सहा वर्षं काढली. मापांची आकडेमोड केली, मशीनखाली पडलेला स्क्रू शोधायला दिवा झालो. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की हारातलं एक झेंडूचं फूल ते माझ्यावरही ठेवत. "हाही कामगारच हाय की," म्हणत.

त्या शेडमध्ये इतका आवाज असे, की बोलणं ऐकू जात नसे. म्हणून तिथे हातांची भाषा होती. शेजारच्या मशीनवर चऱ्होलीचे मारुतराव असत. जेवणाची वेळ झाली की अप्पा पान्याने पत्र्यावर दोन ठोके द्यायचे, पाच बोटं जुळवून तोंडाकडे न्यायचे आणि मग हात दाराकडे उडवायचे. अर्थ ठरलेला होता: तुझी मशीन मी बघतो, तू जा, जेवून ये. मारुतराव जेवून आले की तेच दोन ठोके अप्पांना परत करत. अप्पा रेंगाळले तर कानाशी येऊन ओरडत, "जा की राव. तुझी मशीन काय पळून जात न्हाई चाकणातनं."

अप्पा निवृत्त झाले, त्यांना नवा फोन आला आणि मी कपाटाच्या खणात गेलो. गंजक्या चाव्यांच्या सोबतीत दोन वर्षं अंधार सोसला.

उजेड दिसला तेव्हा अप्पा खाटेवर होते. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू आणि वाचा गेली होती. नवा फोन त्या दिवशी हातातून पडून फुटला होता. मला बाहेर काढलं ते त्यांच्या मुलीने, मंजुषाने. आईच्या मागे बापलेक दोघंच होती. ती ताथवड्याला कॉम्प्युटर शिकली होती, पण नोकरी मिळाली गोदामातल्या मालाच्या नोंदींची. प्रोग्रॅमिंग सुटून बारा वर्षं झाली होती. आता वडिलांना मनातलं सांगता यावं, एवढ्यासाठी ती नवशिक्यांसारखं अ‍ॅप बनवायला शिकू लागली. त्यात ओळी लिहायच्या नव्हत्या. पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे होते. बटण दाबलं की आवाज वाजव, असे.

"अप्पा, शाळेतली पोरं करतात हे," ती म्हणाली. "आणि मला जमेना."

पहिली आठ बटणं जमली तेव्हा ती आनंदाने कामावर गेली. संध्याकाळी शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या, "अगं, तुझा फोन मुका झालाय. दिवसभर नुसती काच चोळत होते बिचारे." मी लॅपटॉपला जोडलेला असेपर्यंतच ते अ‍ॅप माझ्यात दिसत होतं. माझ्यात कायमचं बसवायला ती विसरली होती. त्या संध्याकाळी अप्पांच्या पायाशी बसून तिने ती चूक दुरुस्त केली.

मारुतराव भेटायला आले. अप्पांनी बटण दाबलं आणि मंजुषाच्या आवाजात मी म्हणालो, "मला पाणी हवं."

"ज्योतीराम, म्हातारपणी आवाज लईच नाजूक झाला की तुझा," मारुतराव म्हणाले. अप्पा अर्ध्या तोंडाने हसले. मंजुषा आत चहा करत होती.

ती समोर नव्हती म्हणून शेडमधले ते दोन ठोके मारुतरावांदेखत पडलेच नाहीत. एरवी घरात ते रोज पडायचे. ती त्यांना भरवून, औषध देऊन लॅपटॉपशी बसली, की अप्पा डाव्या हाताने खाटेच्या लोखंडी नळीवर दोनदा ठोकत, बोटं तोंडाकडे नेत आणि हात स्वयंपाकघराच्या दाराकडे उडवत. आत तिचं ताट झाकलेलं असे.

"पुन्हा भूक लागली?" ती म्हणे, आणि वाटीत पेज घेऊन येई. अप्पा तोंड फिरवत. तिने "भूक लागली" असं नववं बटण केलं. त्याला अप्पांनी हातही लावला नाही. ठोके चालूच राहिले.

एकदा पेज उशीवर सांडली. "नको असतं तर मागता कशाला, अप्पा?" ती म्हणाली, आणि मग बराच वेळ उशीचा अभ्रा पुसत राहिली. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

मित्रांनो, मी उशाशीच होतो. सहा वर्षं ते ठोके मी खिशात ऐकले होते. पण माझ्यात नऊ बटणं होती आणि नऊही मागण्यांची होती. द्यायचं एकही नव्हतं.

पुढच्याच महिन्यात अप्पा गेले.

दहाव्याला मारुतराव आले. मंजुषा रिकाम्या खाटेशी बसली होती. कुसुमताईंनी वाढलेलं ताट बाजूला तसंच होतं.  मारुतरावांनी खाटेच्या नळीवर दोन ठोके दिले, बोटं तोंडाकडे नेली, हात आतल्या दाराकडे उडवला.

मंजुषाने वर पाहिलं. "हे... हे अप्पा रोज करायचे. काय म्हणायचे ते?"

"आमचं शेडातलं हाय ते, पोरी. हितलं मी बघतो, तू जा, जेवून ये."

 तिने ताट जवळ ओढलं, पण घास उचलला गेला नाही.

पुढच्या आठवड्यात तिने लॅपटॉप उघडला आणि दहावं बटण केलं. आवाज मारुतरावांकडून भरून घेतला. या वेळी ते माझ्यात बसवायलाही ती विसरली नाही.

मित्रांनो, मला खणात टाकलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात आयुष्यभर राबलेलं कुणी असेल, तर ते कसं काम करायचे, हे त्यांना बोलता येतंय तोवर विचारून ठेवा. त्यांच्या हातांना काय म्हणायचं असतं, ते नुसतं बघून कळत नाही.

आता दुपारी कधी कधी मंजुषा खिडकीशी येते आणि ते बटण दाबते. "जा, जेवून ये," मी म्हणतो. ती थोडा वेळ उभी राहते. मग आत जाते, आणि ताटाचा आवाज येतो.