लाल्या कुठे थांबतो

मास्तरांच्या पत्राला तात्यांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. असं तात्यांच्या हातून कधी होत नसे. वीजबिलाबरोबर आलेल्या छापील शुभेच्छांनाही 'आभारी आहे' असं कळवावं की काय, या विचारात पडणारा हा माणूस. पण हे पत्र महिनाभर चष्म्याच्या घराखाली पडून होतं. तात्या रोज चष्मा काढायचे, पत्र बघायचे आणि चष्मा न पुसताच डोळ्यांवर चढवायचे.

मास्तर म्हणजे तात्यांचे जुने मित्र, दुसऱ्या गावी राहणारे. दोघांना एकच वेड, गिरेबाज कबुतरांचं. हे कबुतर उंच जातं आणि उडता उडता एकाएकी पाठीमागे कोलांट्या घेत खाली येतं. इतक्या भराभर, की पक्षी दिसतच नाही, नुसती फिरकी दिसते. मग झटक्यात पंख उघडून सावरतं आणि पुन्हा वर जाऊन आपल्या थव्यात मिसळतं.

मास्तरांनी लिहिलं होतं, "तुझ्या लाल्याची दोन पिल्लं तू मला दिलीस. रंग असा, की गल्लीतली माणसं मान वर करून चालतात. धाकटं परवा गेलं. कोलांट्या घेत खाली आलं ते थांबलंच नाही. अंगणातल्या फरशीवर पडलं. मी तिथेच उभा होतो. थोरलं अजून उडतं. ते वर गेलं की मी घरात येऊन बसतो. आता जोडी लावायचे दिवस आले. वाण तुझा आहे, तूच ओळखतोस. लावू का जोडी? तू सांगशील तसं करीन."

तात्या छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झाले होते. जन्मभर त्यांनी समासात बारीक पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढली. 'हे चुकलंय' असं तोंडाने कधी कुणाला म्हणाले नाहीत. आपलंच चुकत असेल तर? ही शंका त्यांच्या मनात आधी उभी राहायची, आणि ती बसेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा.

आणि या वेळी तर शंका नव्हतीच. तात्यांना दिसत होतं.

लाल्या नव्या तांब्यासारखा लाल होता आणि त्याच्या पंखांची टोकं पांढरीशुभ्र होती. तो कोलांट्या घ्यायला लागला की लालात पांढरं कडं फिरायचं आणि बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप 'वा!' निघायचं. सुरुवातीला तो समोरच्या पाण्याच्या टाकीच्या कितीतरी वर थांबायचा. मग टाकीच्या उंचीवर थांबायला लागला. मग विजेच्या तारांच्या जरासा वर. हल्ली तारांच्या खाली. जितका तो खाली यायचा, तितक्या टाळ्या वाढायच्या. "तात्या, पक्षी नव्हे, वाघ आहे वाघ!" असं कोपऱ्यावरचा बेकरीवाला ओरडायचा. तात्या लाजून हसायचे, आणि लाल्या तारांच्या किती खाली सावरला ते मनात मोजायचे.

घरातही अलीकडे तसंच काहीतरी चाललं होतं.

तात्यांचा मुलगा एका औषध कंपनीत विक्रीचं काम करायचा. गावोगाव गाडी पिटायची, डॉक्टरांना भेटायचं, विक्रीचा आकडा गाठायचा. गाठला की त्याहून वरचा आकडा मिळायचा. कचेरीत त्याला 'बुलेट' म्हणत. महिन्याचा पहिला म्हणून त्याचा फोटो तिथल्या भिंतीवर लावलेला होता आणि तो उतरवायची वेळच येत नव्हती.

कबुतरांच्या स्पर्धेच्या दिवशी सकाळी सूनबाईंनी तात्यांपुढे चहा ठेवला आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"तात्या, गाडीचा डावा दरवाजा पाहिलात?"

"हो. घासलाय थोडा."

"थोडा? आतून बंदसुद्धा होत नाही. दुभाजकावर गेली गाडी. यांचा डोळा लागला होता. मला म्हणाले, तात्यांना बोलू नकोस." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आधी आरसा तुटला, मग मागचा दिवा फुटला, आता दरवाजा. तुम्ही तरी काही बोला ना."

"मी काय बोलू? मोठा झाला तो. त्याचं त्याला कळतं."

"काही कळत नाही! तुम्ही शाबास म्हणालात की लहान मुलासारखे फुलतात. एकदा पुरे म्हणून तर बघा."

तेवढ्यात मुलगा दारात उभा राहिला. पहाटेच दौऱ्यावरून परतला होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, पण चेहऱ्यावर हसू.

"काय कट शिजतोय सासरा-सुनेचा? तात्या, याही महिन्यात आपणच! साहेब म्हणाले, तुझा फोटो भिंतीवरून काढायला आता करवत लागेल."

"शाबास," तात्या म्हणाले. सवयीनं निघून गेलं तोंडातून.

सूनबाईंनी रिकामी बशी उचलली आणि मोरीत इतक्या जोरात ठेवली, की तिचे दोन तुकडे झाले.

दुपारी गच्ची माणसांनी भरली. कबुतरवाल्यांच्या मंडळाची ही वर्षाची मोठी स्पर्धा होती. प्रत्येकाच्या गच्चीवर जाऊन थवा बघायचा आणि गुण द्यायचे, अशी पद्धत. परीक्षकबाई बाहेरगावच्या होत्या. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून पटांगणावरचा. आल्या आल्या त्यांनी आरामखुर्ची मागितली आणि तिच्यात उताण्या पडल्या.

"उभ्यानं बघायला मी काय जिराफ आहे? सोडा पाखरं."

तात्यांनी ढाबळीचं दार उघडलं. थवा फडफडत वर चढला आणि टाकीभोवती फेऱ्या घालू लागला.

"बाई, लाल्यावर नजर ठेवा हं," बेकरीवाला म्हणाला. "नवरदेव तो. बाकीचं सगळं वऱ्हाड."

"मला लग्नाला बोलावलंय का स्पर्धेला?" बाई म्हणाल्या. लोक हसले.

आधी एक धुरकट मादी फिरली. आवळ, सरळ, दोरा ओढावा तशी खाली आली, कुणी तळहात लावावा तशी अलगद थांबली आणि पुन्हा थव्यात जाऊन मिळाली. बाईंची पेन्सिल हलली.

"ती धुरकट कुणाची निपज?"

"ती होय," तात्या ओशाळून म्हणाले. "ती आपली अशीच. भरतीची."

"भरतीची!" बाईंनी तात्यांकडे नीट पाहिलं.

आणि मग लाल्या सुटला.

लालात पांढरं कडं फिरलं. 'वा!' झालं. कडं टाकीच्या खाली आलं. कुणीतरी शीळ घातली. कडं तारांच्या खाली आलं. शीळ अर्ध्यावर थांबली. लाल्या समोरच्या छपरांच्या रांगेमागे गेला आणि दिसेनासा झाला.

तात्या कान देऊन उभे होते. पत्र्यावर काही आपटल्याचा आवाज येतो का, एवढंच ते ऐकत होते. मास्तरांच्या अंगणात कसला आवाज आला असेल, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

आवाज आला नाही. गल्लीच्या तोंडाशी काहीतरी तांबडं हललं. लाल्या जड पंखांनी वर येत होता. थव्याकडे न जाता तो एकटाच दूरच्या गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसला.

टाळ्यांनी गच्ची दणाणली. मुलगा तर नाचायलाच लागला. "पाहिलंत? रस्त्यापर्यंत! असा खोल गेलेला पक्षी आहे का कुणाकडे? बाई, लिहा, लिहा!"

"लिहिलं," बाई म्हणाल्या. "शून्य."

"काय?"

"शून्य. पोकळ गोल. त्याच्या कड्यासारखाच."

मुलगा पुढे आला. "बाई, डोळे आहेत ना? सगळ्यांत खोल तो गेला."

"गेला, कबूल. पण थांबला कुठे?"

"थांबला की! तो काय बसलाय."

"तो थांबला नाही, वाचला. खाली रस्ता होता म्हणून वाचला. छप्पर असतं तर आत्ता आपण खाली उतरून गोळा करत असतो."

"आणि रंग?" बेकरीवाल्याने विचारलं. "रंगाचं काहीच नाही?"

"रंगाचे गुण पिंजऱ्यात बसवून द्या, हवे तेवढे. वर रंग डोळ्याला फसवतो. लाल-पांढरं फिरलं की ढिली कोलांटीसुद्धा चक्रासारखी दिसते. ती धुरकट बिचारी आभाळात मिसळून जाते. आज सगळ्यांत चोख फिरली ती, आणि तुमच्यातल्या एकानेही मान वळवली नाही." बाई खुर्चीत उठून बसल्या. "हे बघा, कोलांटी आणि पडणं यांत फरक एकच. थांबणं आपल्या हातात आहे, की नाही. पाखराला टाळ्या कळत नाहीत. त्या आपण आपल्यासाठी वाजवतो. मग त्याच पाखराची जोडी लावतो, आणि पुढच्या वर्षी आपल्याला त्याहून खोल जाणारं हवं असतं."

मग त्या तात्यांकडे वळल्या. "तुम्ही रोज बघता. हा रोज थोडाथोडा खाली उघडतोय ना?"

सगळे तात्यांकडे बघू लागले. 'लक्षात नाही आलं' एवढं म्हटलं की सुटका होती.

"हो," ते म्हणाले. "रोज थोडा खाली."

"मग सोडलात का?"

"लोकांना आवडतो म्हणून."

स्वतःचेच शब्द तात्यांनी ऐकले आणि ते मटकन कठड्यावर बसले.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. "हो साहेब. नाही साहेब, थकलो कुठला! आत्ता निघालो तर उद्या सकाळी पोचतो. गाडी काय, हाताखालची आहे." त्याने खिशातून किल्ली काढली. ती बोटांतून निसटून पडली. उचलली, पुन्हा पडली. "सूनबाईला सांगा हो तात्या, डबा नको," तो बायकोला सूनबाई म्हणाला, आणि काय म्हणाला ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

तात्या उठले. आयुष्यात प्रथमच ते कुणाच्या तरी वाटेत उभे राहिले, जिन्याच्या दारात, दोन्ही हात चौकटीला लावून.

"जाऊ नकोस."

"तात्या, व्हा बाजूला. आल्यावर बोलू."

"आल्यावर नाही. पुरे!"

हा शब्द त्या घरात कुणी तात्यांच्या तोंडून ऐकलेला नव्हता. कबुतरं बघणारे लोक खाली बघू लागले.

"आरसा तुटला त्या दिवशी मी तुला शाबास म्हणालो. दिवा फुटला, तेव्हाही म्हणालो. आज सकाळी दरवाजा पाहिला आणि तरी शाबासच म्हणालो. फोटो बघून माझी छाती फुगत होती रे! तू कुठल्या उंचीवर सावरतोस, ते मला दिसत होतं."

मुलगा हसायला गेला. "तात्या, मी काय कबुतर आहे?"

"नाहीस. कबुतराला विचारता येत नाही. तुला विचारतो. तुला थांबता येतं का?"

मुलाने तोंड उघडलं. त्याच्याकडे कुठल्याही प्रसंगाला एखादा विनोद तयार असे. तो आला नाही.

"नाही येत," तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "गाडी उभी केली तरी पाय दाबलेलाच असतो, तात्या. डोळे मिटले की आकडे पळतात. काल मधला रस्ता मला आठवतच नाही. कुठून आलो, कसा आलो... मला वाटतं, थांबलो की मी कुणीच नाही."

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला. सूनबाई केव्हा वर येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला आणि मुलाने किल्ली त्यांच्या हातात दिली. मग साहेबांना फोन लावून तो म्हणाला, "आज मी गाडी चालवणार नाही." पलीकडचा चढलेला आवाज गच्चीवर सगळ्यांना ऐकू आला. मुलाने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि फोन ठेवला. नंतर तो जो झोपला, तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

यानंतर सगळं गोड झालं, असं नाही. पुढच्या महिन्यात भिंतीवर दुसऱ्या पोराचा फोटो आला. मुलाला विक्रीसाठी लहान भाग मिळाला आणि बुलेटचा 'छर्रा' झाला. डॉक्टरांकडे जावं लागलं, अजूनही जावं लागतं. झोपेत त्याचा पाय दचकतो. लाल्या जाळीत बसून असतो. बेकरीवाला येतो, हळहळतो आणि आणलेला पाव तिथेच विसरून जातो. धुरकट मादी मात्र रोज उडते, आणि तिला बघायला मान वळवावी लागते.

वाचकहो, आपल्या घरात, कचेरीत, शाळेत असे पुष्कळ लाल्या आहेत. त्यांचा झगमगाट आपल्याला दिसतो, खोली दिसते, आणि आपण टाळ्या वाजवतो. ती टाळी कधीकधी पाठीवरच्या धक्क्याचं काम करते! आपल्या माणसाला 'किती केलंस' हे जरूर विचारा. पण 'थांबता येतं ना' हे त्याच्याआधी विचारा. आणि नाही येत असं उत्तर आलं, तर वाटेत उभे राहा. भिडस्तपणा हा सद्गुण असेल, पण पडणाऱ्याच्या तो काही उपयोगाचा नाही.

तात्यांनी मास्तरांना कार्ड लिहिलं. खाडाखोड न करता, समासात काहीही न काढता.

"जोडी लावू नकोस. थोरल्याला उडवू नकोस. दोष तुझ्या अंगणाचा नाही, माझ्या वाणाचा आहे, आणि तो मला दिसत होता. धाकट्याबद्दल मला क्षमा कर."

टपालपेटीपाशी गेल्यावर, आपलंच चुकत असेल तर, असं त्यांच्या मनात आलंच. त्यांनी कार्ड आत सोडलं.