लेप आणि हातमोजे

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, उरलेल्या जोडप्यांनी भिंती धरल्या. मंचावर लेपवाले बाबा माईकला ओठ लावून गर्जत होते, "डॉक्टर म्हणतात, बीज कमी! अरे वेड्यांनो, बीज नाही, तेज कमी! खांद्याला लेप, नशिबाला झेप!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. यमक जुळलं की आपल्या माणसांना शहाणपण जुळल्यासारखं वाटतं.

"आणि हा जिवंत पुरावा!" बाबांनी पुढच्या रांगेत बोट दाखवलं. सासूबाईंनी कोपराने ढोसलं, तेव्हा ती उभी राहिली. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींचे फोन घेणारी साधी बाई ती. "नवऱ्याला लेप चोळला आणि हिची पाळी चुकली! बोला, चमत्कार की नाही?"

शेकडो डोळे तिच्यावर खिळले. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिने पदराने हनुवटी झाकून घेतली.

तिचा नवरा सुतार. त्याच्या वीर्यात शुक्रजंतू फारच थोडे आहेत, असं डॉक्टरीणबाईंनी पूर्वीच सांगितलं होतं. "पण फौज लागत नाही हो," त्या म्हणाल्या होत्या. "एक धडधाकट मिळाला तरी केसाहून बारीक सुईनं तो आम्ही थेट स्त्रीबीजात सोडतो." उपचार ठरलेही होते. पण सासूबाईंनी आकांत मांडला, "माझ्या वाघासारख्या पोरात खोट काढते ती बाई!" आणि वाघही आईच्या मागे मान खाली घालून लेपाच्या रांगेत उभा राहिला. पी हळद आणि हो गोरी, असा उपाय कोणाला नको असतो?

लेपाच्या डब्या वाटायची बाबांची लेक, पांढरे हातमोजे घालून. "देवाच्या वस्तूला आमचा पापी हात नको," बाबा म्हणत. घरी मात्र बायकोनेच उघड्या तळव्याने चोळायचा, हा दंडक. बाबांच्या लेकीचा हात पापी आणि लोकांच्या बायकांचा पवित्र कसा, हे कोणी विचारलं नाही.

गुण मात्र आला. नवऱ्याची दाढी दाट झाली, दंड भरले, दोघांनी उचलायची फळी तो एकटा उचलू लागला. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या.

अशात एका सकाळी फोनवर कोणीतरी म्हणालं, "साहेब, पाणी कधी येणार?" ती हसली. पुढच्याने "दादा" म्हटलं. मग दिवसभर साहेब आणि दादाच. घशाला काय झालं म्हणून ती आरशापुढे गेली, तर हनुवटीवर काळे राठ केस. न्हाणीघराची कडी लावून ती ते उपटत बसली. दोन दिवसांत ते पुन्हा आले.

त्या सभेनंतर तिने नवऱ्याला सासूबाईंच्या नकळत दवाखान्यात ओढत नेलं. गर्भ नव्हताच. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या तपासण्या केल्या, डबीही तपासायला पाठवली. अहवाल आले तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"लेपात पुरुषी हार्मोन मिसळलाय. तुमच्या तळव्यांतून तो तुमच्या अंगात गेला. म्हणून पाळी थांबली, आवाज फुटला."

"आणि ह्यांचं?"

"बाहेरून आयता माल आला की शरीर आपला कारखाना बंद करतं. दाढी वाढते, बीज आटतं. आधी शुक्रजंतू थोडे तरी होते. आता नमुन्यात एकही नाही."

सुताराने आपल्या भरलेल्या दंडाकडे पाहिलं. ज्याचा त्याला अभिमान होता, त्या कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"लेप बंद करा. बहुतेक परत येतील, पण महिने लागतील. मग आपली सुई आहेच."

"आणि माझा आवाज?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी अहवाल बाजूला ठेवला. "तो कदाचित असाच राहील."

पुढच्या सभेत बाबांनी "पुरावा" म्हणून पुन्हा हाक मारली. या वेळी ढोसावं लागलं नाही. ती सरळ मंचावर चढली, डबी उघडली आणि बाबांच्या लेकीपुढे धरली. "ताई, मोजे काढा. तळव्याला लावा जरा."

त्या भाबड्या पोरीने मोजा काढलाही.

"अगं, हात लावू नकोस त्याला!" बाबा ओरडले. माईक चालूच होता.

मग एकेक बाई आपले तळवे उलटेसुलटे करून पाहू लागली. पुढे बसलेल्या सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला.

तिने माईक हातात घेतला. "ऐकलंत? स्वतःच्या लेकीला जे लावू देत नाही, ते आपण रोज चोळत होतो. मला दिवस गेले नव्हते, विष भिनत होतं. आणि ह्यांच्यात जे थोडं होतं, तेही आटलं. मूल हवं असेल तर दोघांनी तपासणी करा. नवऱ्यात दोष निघाला तर तो आजार आहे, बेअब्रू नाही. आणि औषध देणाऱ्याला आधी विचारा, यात काय आहे? उत्तर देत नसेल तर उठा आणि घरी जा."

मागच्या भिंतीजवळून, जिथून मंच नीट दिसत नव्हता, कोणीतरी विचारलं, "कोण हो हा माणूस बोलतोय?"

सुतार खुर्चीवरून उठला. त्याचे डोळे भरून आले होते, पण मान वर होती.

"माझी बायको आहे ती," तो म्हणाला. "आणि दोष माझ्यात होता. ऐका तिचं."