तीन लाल टाके

"अवो, इकडं या. ह्यो खण बघा."

"खणात काय बघायचं? खण हाय."

"कोपरा बघा म्हंते मी!"

हौसेराव वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात सकाळपासून गोणी उचलून आत्ताच घणसोलीच्या खोलीवर येऊन टेकले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, खण हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. हिरव्या काठाचा मोरपंखी खण. कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके.

"आयला! ह्ये तर तुझंच टाकं."

"माझंच! रत्नाच्या लग्नात मी दिलेला खण ह्यो. आन् तिनं तीन वर्सानं माझ्याच ओटीत घातला!"

हौसेराव असे हसले की त्यांना ठसका लागला. शकुबाईला मात्र हसू येईना. रत्नप्रभा म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, कृष्णातची बायको. तीन महिन्यांपूर्वी रत्नाच्या डोहाळेजेवणाला शकुबाई गेली होती. निघताना रत्नाने ओटी भरली आणि तो खण घडी न मोडताच ट्रंकेत गेला. आता रत्नाला मुलगा झाला होता, पुढच्या रविवारी बारसं होतं. बाळाच्या कुंचीसाठी एखादा बरा खण निघतो का, म्हणून शकुबाईने ट्रंक उघडली, तर हा बाहेर आला.

खरं सांगायचं तर आलेला खण पुढे सरकवणं हा काही गुन्हा नव्हे. सगळ्याच बायका सरकवतात. एकेक खण बारा गावचं पाणी पिऊन येतो, पण त्याला कात्री म्हणून लागत नाही. आणि शकुबाई तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती! तिच्या ट्रंकेतूनही असे डझनभर खण पुढे गेले होते. पण हा तसला नव्हता हो. रबाळ्याच्या कपड्यांच्या कारखान्यात ती दोरे कापायला लागली, तेव्हाच्या पहिल्या पगारातून तिने हा मुद्दाम साताऱ्याहून आणला होता. सूत सुटू नये म्हणून कोपऱ्यात आपल्या हाताने तीन टाके घातले होते. आणि तो तीन वर्षं नुसता कपाटात पडून राहिला! याचंच तिला फार लागलं.

"मग सांग तिला तोंडावर," हौसेराव म्हणाले.

"सांगीन की. आधी ती कात्री द्या."

त्यांनी दिली. शकुबाईने खण जमिनीवर पसरला, वितीने मापला आणि मधोमध कात्री चालवली. कर्रर्र आवाज झाला तेव्हा तिला बरं वाटलं. कापलेला खण कुणाच्या बापाला पुढे सरकवता येत नाही!

शिवण तिच्या हातातच होती. कारखान्यात उरलेल्या चिंध्या ती किलोवर आणायची आणि सुट्टीच्या दिवशी पायमशीन घेऊन बसायची. कुणाच्या पोराला दप्तर, कुणाला भाजीची पिशवी, कुणाला उशीचा अभ्रा. वाढदिवस असो की वास्तुशांत, शकुबाई हात हलवत कधी गेली नाही आणि दुकानातलं काही घेऊन तर कधीच गेली नाही. चाळीतल्या प्रत्येक घरात तिची एक तरी शिवण होती, आणि ती वापरून वापरून विटलेली होती. त्याचा तिला मोठा तोरा होता.

संध्याकाळच्या आत कुंची झाली. डोक्याला टोपरं, मानेशी चुण्या, खाली पाठभर झूल, हनुवटीखाली बांधायला नाडी. आत जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर. कोपऱ्यातले ते तीन टाके तिने तसेच ठेवले.

शुक्रवारी कृष्णात बोलवायला आला. हा कृष्णात गावाहून आला तेव्हा चार वर्षं याच खोलीत झोपला होता. आता मार्केटात त्याचा स्वतःचा गाळा होता, वाशीला फ्लॅट होता, आणि खुर्चीवर बसताना तो पॅन्ट गुडघ्याशी चिमटीत धरून वर ओढायचा.

"आक्के, कुंची रत्नाच्या बहिणीनं आणलीय. मखमलीची. तू त्या भानगडीत पडू नकोस."

"आन् नाव कोन सांगनार?"

"तूच की! आत्या न्हाईस व्हय तू?"

"मग कुंचीबी आत्याचीच असती."

"अगं, हॉल हाय, व्हिडिओ हाय. सासऱ्याकडची मोठी मानसं येनार. घरात शिवल्यालं कसं दिसंल त्यात?"

"सातवीपत्तुर माझ्या हातचा सदरा घालून शाळंत गेलास. तवा कसं दिसत होतं रं?"

कृष्णात चहा अर्धा ठेवून गेला.

रविवारी हॉलमध्ये शकुबाई पोचली तर पाळणा फुलांनी झाकलेला, आणि बाळ लाल मखमलीत. कुंचीला जरीची जाड लेस. बाळ मान हलवी तशी ती गालाला घासे आणि पोर किरकिरे. रत्नाने हसून शकुबाईची पिशवी घेतली, आत न पाहताच प्रेझेंटांच्या ढिगावर ठेवली.

"या वन्सं, बसा. फोटो काढू."

शकुबाई बसली. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून वरून देऊन झालं. व्हिडिओवाल्याचा भगभगीत दिवा पाळण्यावर आला. आता आत्याने कानात नाव सांगायचं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के मारायचे. बायका मुठी वळून तयारच होत्या. शकुबाईने बाळ मांडीवर घेतलं, ती वाकली, आणि तशीच पुन्हा सरळ झाली.

"न्हाई सांगत."

"काय झालं, वन्सं?"

"आधी माझी कुंची घाला. मग नाव."

बायकांच्या वळलेल्या मुठी तशाच राहिल्या. रत्ना कसंनुसं हसली. "शूटिंग चालू आहे, वन्सं. नंतर घालू ना. टेन्शन नका घेऊ."

"चालू ऱ्हाऊ दे की. मला कुटं जायाचंय?"

"आक्के, तमाशा करू नगंस," कृष्णात दातओठ खात कुजबुजला.

"तमाशा कसला? गाल बघ पोराचा. सोलवटलाय. नाव ठेवायचा मान माझा, मग अंग झाकायचाबी माझाच. न्हाई तर मावशीलाच सांगा नावबी." बाळावरची पकड तिने सोडली नाही.

शेवटी रत्नाच्या आईनेच ढिगातून पिशवी काढली. मोरपंखी कुंची बाहेर आली. "अगंबाई, खणाची! अशी आता कुठे बघायला मिळते!" असं कुणीतरी म्हणालं. रत्नाने कुंची हातात घेतली, काठ पाहिला, कोपरा पाहिला. तिचा चेहरा पडला.

"हा खण..."

गेले आठ दिवस शकुबाई जिभेवर वाक्य घेऊन फिरत होती. दोनशे माणसं ऐकत होती, वर दिवा होता, व्हिडिओ होता. याहून चांगली वेळ ती कुठली! तिने रत्नाकडे पाहिलं. बारा दिवसांची बाळंतीण, डोळ्यांखाली काळं, हातात कुंची धरून उभी.

शकुबाईने रत्नाला खाली ओढलं आणि बाळाच्या आधी तिच्या कानात सांगितलं. "टाकं माझंच हायत. तुज्या लग्नातलं. कापलाय आता, म्हंजी तुज्याच घरात ऱ्हाईल." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रत्नानंच दिला खण! मी नुसती शिवली."

रत्नाने मान वर केली नाही. तिने स्वतःच्या हाताने मखमल सोडली, खणाची कुंची घातली आणि नाडी बांधली. पोर किरकिरायचं थांबलं.

"यशराज," शकुबाई त्याच्या कानात म्हणाली. धपाधप बुक्के पडले. त्यातला एक बुक्का रत्नाचा होता, फार हलका, आणि तो हात नंतर पाठीवरच राहिला.

एवढ्यात शकुबाईच्या मांडीला ऊब लागली. कुंचीची झूल भिजून काळपट झाली.

"अरे देवा, खण खराब झाला!" रत्नाची आई धावली.

शकुबाईने हातानेच तिला थांबवलं. "भिजू द्या, भिजू द्या. आता कुनालाच द्यायचा न्हाई त्यो."

आणि ती ओल्या लुगड्यानिशी, बाळ मांडीवर घेऊन, दिव्याकडे बघत ताठ बसून राहिली.