नकाशातून गेलेली बेटं

ऑफिसात तिला सगळे बेटवाली म्हणत. माहेर दूर समुद्रातल्या बेटावरचं, म्हणून मालकांनी गमतीनं ठेवलेलं नाव. तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

ती देशाचे नकाशे काढायची. कॉम्प्युटरवरचे, छपाईवाल्यांना आणि जाहिरातवाल्यांना विकायचे. नकाशा तिकिटाएवढा छापा नाहीतर इमारतीच्या भिंतीएवढा, रेघ कुठे फाटायची नाही. शिवाय घेणाऱ्याला त्यात हवं ते बदलता यायचं. जिल्हे एका लेयरवर, म्हणजे थरावर, नद्या दुसरीवर, रस्ते तिसरीवर. रस्ते नकोत? लेयर बंद करा. एखादा जिल्हा लाल हवा? क्लिक करा, रंग भरा. बेटांची लेयर वेगळी होती, कारण ती किनाऱ्यापासून फारच लांब होती आणि पुष्कळांना ती कोपऱ्यात चौकट करून आत घ्यावी लागत. बेटांच्या किनाऱ्याची रेघ तिनं जीव ओतून काढली होती. इतकी, की नवरा चिडवायचा, "बाकीचा देश सावत्र आहे वाटतं तुझा?"

नवरा त्याच ऑफिसात विक्री बघायचा. माणूस तोंडाचा गोड. त्याच्याशी बोलून फोन ठेवणारं गिऱ्हाईक हसतच ठेवायचं.

एका सकाळी ती नुकती खुर्चीत बसली होती, तेवढ्यात आईचा फोन आला.

"अगं, आम्ही कुठं गेलो?"

"म्हणजे काय आई?"

"बोट सुटते तिथं, पलीकडच्या धक्क्यावर, हा एवढा फलक लावलाय. गाद्यांचा. 'अख्खा देश शांत झोपतो' म्हणे. त्यात सगळा देश आहे, फक्त आपण नाही. नुसतं निळं पाणी आणि त्यावर त्यांचा फोन नंबर. इथली पोरं भडकलीत, बोटी अडवून ठेवल्यात. आणि फलकाच्या खाली बारीक अक्षरात तुमच्या ऑफिसचं नाव आहे." आईनं आवाज खाली आणला. "शेजारीण विचारत होती, तुझ्या लेकीनंच पुसलं का आपल्याला?"

तिनं मूळ फाईल उघडली. बेटं जागच्या जागी होती. तिच्या जिवात जीव आला आणि ती तशीच उठून नवऱ्याकडे गेली. "अहो, गादीवाल्यांना फाईल तुम्हीच दिली होती ना?"

त्याचा चेहरा पाहूनच ती समजली. त्यानं तिला जिन्यात नेलं.

"त्यांचा डिझायनर म्हणाला, बेटं नंबरवर येतायत. मी म्हटलं, मग ती लेयर बंद करा. मला वाटलं, नंतर कोपऱ्यात घेतील. फोनवर बोललो गं, सहज."

"सहज?"

"हळू बोल."

देशाचा चुकीचा नकाशा छापणं हा गुन्हा, आणि तक्रार वर गेली होती. दुपारपर्यंत पोलिसांच्या चौकशी अधिकारी आल्या. मध्यम वयाच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या बाई. बरोबर दोन शिपाई. सगळ्यांचे फोन एका ट्रेमध्ये गोळा झाले. दाराशी एक शिपाई स्टूल टाकून बसला. "चौकशी संपेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही," बाई म्हणाल्या आणि कपाटं बघायला आत गेल्या.

मालक, ती आणि नवरा मीटिंगच्या खोलीत बसले. त्या खोलीची खिडकी उघडत नसे. काचेच्या भिंतीतून बाहेरचे सगळे दिसत आणि बाहेरच्यांना हे तिघं. मालकांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. ते असं कधी करत नसत.

"हे बघ, नजरचुकीनं राहिलं असं तू म्हण. तू तिथलीच. तुझ्यावर कोण राग धरणार?"

"तिथली आहे म्हणूनच धरतील, साहेब."

"गादीवाले आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ते गेले तर आपण सगळेच बसलो घरी. तुझा नवरासुद्धा."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो मालकांकडे बघत नव्हता, तिच्याकडेही नाही. टेबलाखाली त्यानं तिचा हात धरला. "ऐक ना," तो पुटपुटला, "तू म्हणालीस तर ती चूक. मी म्हणालो तर गुन्हा."

हात सोडवून घ्यावा असं तिला वाटलं. पण काचेपलीकडे सगळं ऑफिस बघत होतं, म्हणून तिनं तो तसाच राहू दिला. घाम कोणाचा, तिचा की त्याचा, तेही कळेना. उठून जावं तर दाराशी शिपाई. आईकडे पळावं तर बोटी बंद. घरी जावं, तर घरी हाच माणूस.

बाई परत आल्या. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "नकाशा तुम्ही काढलात?"

"हो."

"बेटं गाळलीत?"

मालक खाकरले.

"नाही," ती म्हणाली. "माझ्याकडून फाईल गेली तेव्हा बेटं होती. आत्ता उघडून दाखवते."

"मग कोणी काढली?"

"गादीवाल्यांनी लेयर बंद केली. त्यांना तसं इथूनच सांगितलं गेलं."

"कोणी सांगितलं?"

तेव्हा तिनं हात सोडवला. "ते मी नाही सांगणार, बाई. ज्यानं सांगायचं तो इथंच बसलाय."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग नवऱ्याचा आवाज आला, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा नव्हे, भलताच बारीक. "मी सांगितलं."

त्याला अटक वगैरे झाली नाही. समज दिली, जबाब घेतला. फलक उतरले, गादीवाल्यांनी माफी मागितली, बोटी सुरू झाल्या. मालकांनी त्याला काढलं. तिला ठेवलं, कारण तिच्यासारखे नकाशे काढणारं दुसरं कोणी त्यांच्याकडे नव्हतं. ती त्याच खुर्चीत, त्याच काचेसमोर बसू लागली. मालक आता तिला बेटवाली म्हणत नसत. काहीच म्हणत नसत.

माहेरी जायचं म्हणून तिनं फोन केला, तर आई म्हणाली, "एवढ्यात नको गं येऊस. लोक तुला काही बोलणार नाहीत, पण जावईबापूंचं विचारतील. मला उत्तर देता येत नाही."

घरी नवरा भाजी आणायचा, कपडे वाळत घालायचा, तिच्या आधी उठायचा. बोलायचा मात्र नाही. तिनं भांडून पाहिलं, रडून पाहिलं, गप्प राहून पाहिलं. त्यानं उलट भांडण तरी केलं असतं तर बरं, असं तिला वाटे. "मला तोंडघशी पाडलंस," एवढं तो एकदा म्हणाला असता, तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. रोज भांडी घासताना ती ते मनात घोळवायची, सुधारायची, आणखी धार लावायची.

मग एका संध्याकाळी जेवताना पहिला घास घेऊन तो म्हणाला, "आमटीत मीठ कमी आहे."

तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. ती लगबगीनं उठली, मीठ आणलं, त्याच्या ताटाशी ठेवलं. आणि परत बसताना तिला स्वतःचाच राग आला, की एवढ्यावर आपण हलक्या झालो.

"घ्या," ती म्हणाली.

त्यानं मीठ घेतलं. दोघं जेवत राहिले.